बॅकअपमधून संगणकाची पुनर्स्थापना

बॅकअपमधून संगणकाची पुनर्स्थापना म्हणजे संगणकातील विदा, आज्ञावल्या आणि मांडणी नष्ट किंवा निकामी झाल्यावर पूर्वी जतन केलेल्या प्रतीवरून ती पुन्हा उभी करण्याची प्रक्रिया होय. हार्ड डिस्क बंद पडणे, चुकून फाइली पुसल्या जाणे, संगणक चोरीला जाणे, आग किंवा पूर, सदोष अद्ययावतीकरण आणि खंडणीखोर आज्ञावली (रॅन्समवेअर) ही पुनर्स्थापनेची वेळ येण्याची प्रमुख कारणे आहेत.

या प्रक्रियेत वारंवार आढळणारी एक अडचण म्हणजे अलीकडील बॅकअप न दिसणे. काही आठवड्यांपूर्वीच्या किंवा महिन्यांपूर्वीच्या प्रती उपलब्ध असतात, परंतु शेवटच्या काही दिवसांच्या प्रती यादीत आढळत नाहीत. अशा वेळी त्या प्रती खरोखरच घेतल्या गेल्या नव्हत्या, घेतल्यानंतर नष्ट झाल्या, की अस्तित्वात असूनही प्रणालीला ओळखता येत नाहीत, हे ठरवणे पुनर्स्थापनेतील निर्णायक काम ठरते. तिन्ही स्थितींची बाह्य लक्षणे सारखीच असतात, उपाय मात्र वेगळे असतात. घाईने केलेल्या कृतीमुळे तिसऱ्या स्थितीचे रूपांतर दुसऱ्या स्थितीत होऊ शकते.

## मूलभूत संकल्पना

बॅकअप म्हणजे मूळ विदेची स्वतंत्र साधनावर ठेवलेली, ठरावीक क्षणाची प्रत. केवळ दोन ठिकाणी एकाच वेळी बदल नोंदवणारी व्यवस्था, उदाहरणार्थ रेडमधील जुळ्या डिस्क किंवा क्लाउडवरील समक्रमण, बॅकअप मानली जात नाही. मूळ ठिकाणी फाइल पुसली की समक्रमित ठिकाणीही ती पुसली जाते.

बॅकअपचे तीन प्रमुख प्रकार आहेत. पूर्ण बॅकअपमध्ये सर्व विदेची प्रत घेतली जाते. इन्क्रिमेंटल बॅकअपमध्ये आधीच्या कोणत्याही बॅकअपनंतर बदललेल्या भागाचीच प्रत घेतली जाते. डिफरन्शिअल बॅकअपमध्ये शेवटच्या पूर्ण बॅकअपनंतर बदललेल्या सर्व भागाची प्रत घेतली जाते. समजा, रविवारी पूर्ण बॅकअप घेतला आणि शुक्रवारी संगणक बिघडला. इन्क्रिमेंटल पद्धतीत गुरुवारची स्थिती परत आणण्यासाठी रविवारची प्रत आणि सोमवार ते गुरुवार या चारही दिवसांच्या प्रती आवश्यक असतात. बुधवारची प्रत खराब असल्यास गुरुवारची प्रत शाबूत असूनही तिचा पूर्ण उपयोग होत नाही. डिफरन्शिअल पद्धतीत रविवारची व गुरुवारची अशा दोनच प्रती पुरतात. मात्र त्यांना जागा अधिक लागते.

स्नॅपशॉट (क्षणचित्र) हा यापेक्षा वेगळा प्रकार आहे. यात फाइल प्रणाली एका क्षणाची स्थिती गोठवून ठेवते आणि त्यानंतर बदललेले भाग नव्या जागी लिहिते. स्नॅपशॉट घेण्यास क्षणभरच लागतो. परंतु तो सहसा मूळ डिस्कवरच असतो. चुकून पुसलेली फाइल त्यातून परत मिळते, पण डिस्क बंद पडल्यास तिच्याबरोबर स्नॅपशॉटही जातो.

संस्थांमध्ये बॅकअपची आखणी दोन उद्दिष्टांवर केली जाते. जास्तीत जास्त किती काळाचे काम गमावले तरी चालेल, हे पुनर्प्राप्ती-बिंदू उद्दिष्ट सांगते. काम पुन्हा सुरू होण्यास किती वेळ लागला तरी चालेल, हे पुनर्प्राप्ती-काल उद्दिष्ट सांगते. दररोज रात्री एकदा बॅकअप घेणाऱ्या कार्यालयात संध्याकाळी बिघाड झाला, तर जवळजवळ पूर्ण दिवसाचे काम जाते. अलीकडील बॅकअप सापडला नाही, तर हा काळ नकळत कितीतरी पटींनी वाढतो.

## अलीकडील बॅकअप न दिसण्याची कारणे

### बॅकअप घेतलाच न जाणे

बॅकअप डिस्क भरणे, तिची जोडणी सुटणे, पासवर्ड बदलल्यामुळे सर्व्हरने प्रवेश नाकारणे किंवा आज्ञावलीच्या आवृत्त्या न जुळणे, अशा कारणांमुळे ठरलेले काम अपयशी ठरते. अपयशाची सूचना कोणाच्याही वाचनात न आल्यास ही स्थिती अनेक आठवडे टिकते. बॅकअपचे काम वेळेवर सुरू झाले, याचा अर्थ ते पूर्ण झाले असा होत नाही. अपूर्ण राहिलेली प्रत बहुतेक प्रणाली वेगळ्या नावाने ठेवतात आणि पुनर्स्थापनेच्या यादीत दाखवत नाहीत.

### भलत्याच ठिकाणी लिहिला जाणे

युनिक्सप्रणीत प्रणालींमध्ये बाह्य डिस्क एखाद्या रिकाम्या फोल्डरवर जोडली जाते. डिस्क जोडलेली नसताना बॅकअपची आज्ञावली चालली, तर ती सर्व विदा त्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे संगणकाच्या अंतर्गत डिस्कवरच लिहिते. पुढे बाह्य डिस्क जोडल्यावर तिच्यातील मजकूर वर येतो आणि मधल्या काळातील प्रती त्याखाली झाकल्या जातात. बाह्य डिस्क काढल्यावर त्या पुन्हा दिसतात. अशा प्रती मूळ डिस्कवरच असल्यामुळे ती निकामी झाल्यास त्यांचा उपयोग नसतो. अन्य कारणाने पुनर्स्थापना करायची असल्यास मात्र त्या मोलाच्या ठरतात.

### संगणकाची ओळख बदलणे

बहुतेक आज्ञावल्या प्रत्येक संगणकाच्या प्रती त्याच्या नावाखाली किंवा हार्डवेअरच्या ओळखक्रमांकाखाली ठेवतात. मदरबोर्ड बदलल्यास, संगणकाचे नाव बदलल्यास किंवा कार्यप्रणाली नव्याने स्थापित केल्यास तो संगणक नवा समजला जातो व त्याच्यासाठी वेगळा संच सुरू होतो. त्यानंतर एका संचात जुन्या, तर दुसऱ्या संचात नव्या प्रती असतात. वापरकर्त्याने जुना संच उघडल्यास नव्या प्रती गायब झाल्यासारखे वाटते.

### घड्याळ व कालक्षेत्र

मदरबोर्डवरील छोटी बॅटरी संपली की काही संगणकांचे घड्याळ अनेक वर्षे मागे जाते. त्या काळात घेतलेल्या प्रतींवर जुनी तारीख पडते आणि यादीत त्या सर्वांत तळाशी जातात. कालक्षेत्रातील फरकामुळेही गोंधळ होतो. भारतीय प्रमाणवेळ जागतिक समन्वित वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. भारतात ५ तारखेला पहाटे २ वाजता घेतलेली प्रत जागतिक वेळेनुसार ४ तारखेच्या रात्री ८:३० वाजताची ठरते. पुनर्स्थापनेच्या माध्यमातून सुरू केलेल्या संगणकाचे कालक्षेत्र निराळे असल्यास तारखांमध्ये असा एका दिवसाचा फरक दिसतो.

### सूचीतील बिघाड आणि कुलूपबंद विदा

मोठ्या व्यवस्थांमध्ये कोणती फाइल कोणत्या टेपवर किंवा कोणत्या खंडात आहे, याची सूची वेगळी ठेवलेली असते. सूची जुनी असल्यास प्रत्यक्षात असलेल्या प्रती यादीत येत नाहीत. अशा वेळी माध्यम पुन्हा वाचून सूची नव्याने तयार करता येते. सूटीकरण केलेल्या, म्हणजे सांकेतिक कुलूप लावलेल्या डिस्कवरील प्रतीही कुलूप उघडेपर्यंत दिसत नाहीत.

### धारण-धोरणानुसार पुसले जाणे

जागा मर्यादित असल्यामुळे जुन्या प्रती विरळ करण्याचे धोरण ठरवलेले असते. ताशी प्रतींपैकी दिवसाला एक आणि दैनिक प्रतींपैकी आठवड्याला एक प्रत शिल्लक ठेवली जाते. त्यामुळे प्रती नाहीशा होणे हा प्रत्येक वेळी बिघाड नसतो. मात्र चुकीच्या तारखेच्या किंवा चुकीच्या संचात मोडलेल्या प्रती याच धोरणाने जुन्या समजून पुसल्या जाऊ शकतात.

## टाइम मशीनमधील उदाहरण

अ‍ॅपल कंपनीची टाइम मशीन ही बॅकअप व्यवस्था २६ ऑक्टोबर २००७ रोजी मॅक ओएस एक्स १०.५ ‘लेपर्ड’ या आवृत्तीबरोबर आली. गेल्या २४ तासांच्या ताशी, गेल्या महिन्याच्या दैनिक आणि त्याआधीच्या साप्ताहिक प्रती ती ठेवते. डिस्क भरल्यावर सर्वांत जुन्या प्रती पुसल्या जातात. सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये प्रत्येक बॅकअपसाठी तारीख-वेळेच्या नावाचा फोल्डर तयार होत असे. न बदललेल्या फाइलींची नवी प्रत न घेता जुन्या प्रतीकडे नेणारी हार्ड लिंक केली जात असे. त्यामुळे प्रत्येक फोल्डर पूर्ण बॅकअपसारखा दिसे, पण जागा फक्त बदललेल्या फाइलींपुरतीच व्यापली जाई. २०२० मधील ‘बिग सर’ या आवृत्तीपासून नव्या बॅकअप डिस्कवर एपीएफएस या फाइल प्रणालीचे स्नॅपशॉट वापरले जातात.

### स्थानिक स्नॅपशॉटमुळे होणारा गैरसमज

बॅकअप डिस्क जोडलेली नसतानाही टाइम मशीन अंतर्गत डिस्कवर ताशी स्नॅपशॉट घेत राहते. हे स्नॅपशॉट साधारणपणे २४ तास टिकतात आणि जागा कमी पडू लागल्यास त्याआधीही पुसले जातात. टाइम मशीनच्या कालरेषेवर स्थानिक स्नॅपशॉट आणि बाह्य डिस्कवरील प्रती एकत्र दिसतात. त्यामुळे बाह्य डिस्कवरील बॅकअप तीन आठवड्यांपासून अपयशी होत असला, तरी कालरेषेच्या शेवटी तासाभरापूर्वीची नोंद दिसू शकते. तिच्यावर विसंबून वापरकर्त्याने अंतर्गत डिस्क पुसली, तर स्थानिक स्नॅपशॉटही त्याच क्षणी नष्ट होतात आणि बाह्य डिस्कवर तीन आठवड्यांपूर्वीचीच प्रत उरते. अंतर्गत डिस्क पुसण्यापूर्वी बाह्य डिस्कवरील शेवटच्या प्रतीची तारीख स्वतंत्रपणे पाहणे, दुसऱ्या संगणकाला ती डिस्क जोडून पाहणे शक्य असल्यास तसे करणे, म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

### प्रती असूनही न दिसणे

कालरेषेवरील फिकट, लुकलुकणारी रेघ ती प्रत अद्याप वाचली किंवा तपासली जात असल्याचे दाखवते. मोठ्या किंवा संथ डिस्कवर यास बराच वेळ लागतो. ही प्रक्रिया संपण्यापूर्वीच प्रती हरवल्याचा निष्कर्ष काढला जाण्याची शक्यता असते. अपूर्ण राहिलेला बॅकअप डिस्कवर ‘प्रगतिपथावर’ अशा अर्थाच्या इंग्रजी प्रत्ययासह राहतो व पुनर्स्थापनेच्या यादीत येत नाही.

नेटवर्कवरील साठवणूक साधनावर बॅकअप घेताना टाइम मशीन ‘स्पार्स बंडल’ नावाची डिस्क-प्रतिमा तयार करते. ही प्रतिमा अनेक लहान तुकड्यांची बनलेली असते. बॅकअप चालू असताना जोडणी तुटल्यास तिच्या अंतर्गत रचनेत दोष निर्माण होऊ शकतो. पडताळणीत दोष आढळल्यास विश्वासार्हतेसाठी नवा बॅकअप तयार करावा लागेल, अशी सूचना प्रणाली देते. ती स्वीकारल्यास जुना इतिहास काढून टाकला जातो. जुन्या प्रतींची गरज असल्यास नव्या बॅकअपला संमती देण्यापूर्वी त्या प्रतिमेची संपूर्ण प्रत अन्यत्र घेणे आवश्यक असते. एकाच साधनावर एकाच संगणकाच्या दोन डिस्क-प्रतिमा असल्यास त्या दोन्ही तपासाव्या लागतात.

दुरुस्ती झालेला किंवा नवा मॅक जुना बॅकअप आपला मानत नाही, तेव्हा ‘टीएमयूटिल’ या आज्ञेच्या साहाय्याने तो संच वारसा म्हणून स्वीकारता येतो. संच न स्वीकारताही अन्य बॅकअप डिस्क उघडून तिच्यातील फाइली पाहता येतात.

### पूर्ण प्रणाली परत आणणे

‘बिग सर’पासून कार्यप्रणालीचा भाग स्वाक्षरीबद्ध, केवळ वाचनीय व्हॉल्यूमवर असतो. त्यामुळे आधी मॅकओएस नव्याने स्थापित करून नंतर मायग्रेशन असिस्टंट या आज्ञावलीद्वारे वापरकर्त्यांची खाती, फाइली व अनुप्रयोग आणले जातात. नव्या आवृत्तीवर घेतलेला बॅकअप जुन्या आवृत्तीच्या संगणकावर सहसा आणता येत नाही. बॅकअप ‘दिसत नसल्याचे’ हेही एक कारण असू शकते. कार्यप्रणाली अद्ययावत केल्यावर तोच बॅकअप वापरता येतो.

## विंडोजमधील उदाहरणे

विंडोजमध्ये बॅकअपशी संबंधित एकाहून अधिक व्यवस्था आहेत आणि त्यांच्या प्रती एकमेकींना दिसत नाहीत. २००० साली विंडोज एमईबरोबर आलेले सिस्टिम रिस्टोअर प्रणालीच्या फाइली व मांडणी पूर्वस्थितीत नेते. वैयक्तिक दस्तऐवजांचा बॅकअप ते घेत नाही. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर आलेले फाइल हिस्टरी वैयक्तिक फाइलींच्या आवृत्त्या ठेवते, पण तिच्यातून कार्यप्रणाली परत आणता येत नाही. सिस्टिम इमेज ही संपूर्ण डिस्कची प्रत असते. पुनर्स्थापना-बिंदू पाहून दस्तऐवजही सुरक्षित असल्याचा समज करून घेणे ही यातील नेहमीची चूक आहे.

फाइल हिस्टरी प्रत्येक आवृत्तीच्या फाइलनावात तारीख व जागतिक समन्वित वेळ लिहिते. सूची बिघडली तरी बाह्य डिस्कवरील फोल्डर थेट उघडून हव्या त्या वेळेची फाइल शोधता येते. भारतीय वेळ काढण्यासाठी नावातील वेळेत साडेपाच तास मिळवावे लागतात. विंडोज नव्याने स्थापित केल्यावर जुनी डिस्क जोडल्यास पूर्वीचा बॅकअप पुढे वापरण्याचा पर्याय स्वतंत्रपणे निवडावा लागतो.

सिस्टिम इमेज शोधताना विंडोज ठरावीक इंग्रजी नावाचा फोल्डर डिस्कच्या सर्वांत वरच्या पातळीवरच शोधते. आवराआवर करताना तो दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवला किंवा त्याचे नाव बदलले, तर प्रतिमा सापडत नसल्याचा संदेश येतो. फोल्डर मूळ नावाने मूळ जागी ठेवल्यास अडचण दूर होते. बाह्य डिस्कवर एकच प्रतिमा दिसली, तरी तिच्या जुन्या आवृत्त्या त्या डिस्कच्या शॅडो कॉपीमध्ये असू शकतात. नेटवर्कवरील फोल्डरमध्ये मात्र केवळ शेवटची प्रतिमा राहते. बिटलॉकरने कुलूपबंद केलेल्या डिस्कसाठी ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली लागते. ही किल्ली त्याच संगणकात जतन केलेली असल्यास तिचा उपयोग होत नाही.

खंडणीखोर आज्ञावल्या फाइली कुलूपबंद करताना शॅडो कॉपी हेतुपुरस्सर पुसतात. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या आज्ञावलीतही हे आढळले. अशा हल्ल्यात कायम जोडलेली बॅकअप डिस्कही सापडते. म्हणून एक तरी प्रत जोडणीबाहेर ठेवली जाते.

## देवनागरी फाइलनावांचा प्रश्न

मराठी फाइलनावांच्या बाबतीत ‘ऱ’ या अक्षरामुळे एक विशेष अडचण उद्भवते. युनिकोडमध्ये ‘ऱ’ हे एकच चिन्ह म्हणून लिहिता येते, तसेच ‘र’ आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनीही लिहिता येते. युनिकोडच्या नियमांनुसार ही दोन्ही रूपे समतुल्य आहेत. याशिवाय ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’ अशा शब्दांतील अर्धा र साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरूनही टंकित होतो. हे तिसरे रूप मात्र पहिल्या दोहोंशी समतुल्य मानले जात नाही. पडद्यावर तिन्ही रूपे सारखीच दिसतात.

मॅकवरील जुनी एचएफएस प्लस ही फाइल प्रणाली नावे विघटित रूपात साठवत असे, तर लिनक्सवरील ईएक्सटी४ दिलेली चिन्हमालिका जशीच्या तशी ठेवते. त्यामुळे मॅकवरून लिनक्स सर्व्हरवर नेलेला ‘दुसऱ्या सत्राच्या नोंदी’ हा फोल्डर परत आणताना प्रणालीच्या दृष्टीने वेगळ्या नावाचा ठरू शकतो. परिणामी एकाच नावाचे दोन फोल्डर दिसतात. एकात जुन्या, तर दुसऱ्यात अलीकडील फाइली असतात. यांपैकी पहिलाच फोल्डर उघडणाऱ्यास अलीकडील काम हरवल्यासारखे वाटते. ‘आरसिंक’ या आज्ञेत संकेतन बदलण्याचा पर्याय आहे. तो वापरल्यास अशी विभागणी टाळता येते.

## पुनर्स्थापनेची सर्वसाधारण पद्धत

अलीकडील बॅकअप दिसत नसल्यास पुढील क्रम सुरक्षित मानला जातो.

१. लेखन थांबवणे. स्वयंचलित बॅकअप बंद केला जातो, जेणेकरून धारण-धोरणानुसार आणखी प्रती पुसल्या जाणार नाहीत. मूळ डिस्क वापरणेही थांबवले जाते. सॉलिड स्टेट ड्राइव्हमध्ये पुसलेल्या फाइलींची जागा ‘ट्रिम’ आज्ञेमुळे लवकरच रिकामी केली जाते. त्यानंतर त्या परत मिळण्याची शक्यता फारच कमी असते.

२. मूळ डिस्क न पुसणे. ती अंशतः चालू असल्यास तिची संपूर्ण प्रतिमा दुसऱ्या साधनावर घेतली जाते. डिस्कमधून खडखडाट येत असल्यास ती पुन्हा पुन्हा सुरू न करता तज्ज्ञाकडे नेली जाते.

३. सर्व संभाव्य प्रतींची यादी करणे. बाह्य डिस्क, नेटवर्कवरील साठवणूक, क्लाउड सेवा, जुना संगणक, ईमेलमधील जोडपत्रे आणि सहकाऱ्यांकडील प्रती यांचा तीत समावेश होतो. प्रत्येक प्रतीची तारीख, संगणकाचे नाव, आकार आणि ती पूर्ण आहे की अपूर्ण, हे नोंदवले जाते.

४. कारण ठरवणे. बॅकअप आज्ञावलीच्या नोंदवहीत शेवटचे यशस्वी काम कोणत्या दिवशी झाले, हे पाहिले जाते. नोंदवहीत यश आणि यादीत अभाव असल्यास प्रत दृष्टीआड झाल्याची शक्यता अधिक असते. नोंदवहीतच अपयश असल्यास शोध अन्य साधनांकडे वळवला जातो.

५. वेगळ्या डिस्कवर पुनर्स्थापना करणे. मूळ डिस्कवर थेट लिहिल्यास पुनर्स्थापना अर्धवट राहिल्यावर दोन्ही स्थिती गमावण्याचा धोका असतो. आधी जुनी पण पूर्ण प्रत परत आणून त्यावर अलीकडील स्रोतांतून मिळालेल्या फाइली ठेवता येतात.

६. पडताळणी करणे. फाइलींची संख्या व एकूण आकार पाहून, तसेच काही फाइली प्रत्यक्ष उघडून तपासणी केली जाते. विदागाराच्या बाबतीत शेवटच्या नोंदीची तारीख पाहिली जाते.

७. सर्व काही पडताळल्यानंतरच स्वयंचलित बॅकअप पुन्हा सुरू केला जातो. शक्यतो तो नव्या डिस्कवर सुरू करून जुनी डिस्क काही काळ जशीच्या तशी ठेवली जाते.

## उल्लेखनीय घटना

टॉय स्टोरी २ (१९९८): पिक्सार या चित्रपट-निर्मिती संस्थेत फाइली पुसण्याची आज्ञा चुकीच्या ठिकाणी चालल्यामुळे निर्मितीत असलेल्या ‘टॉय स्टोरी २’ या ॲनिमेशनपटाच्या बहुतेक फाइली नष्ट झाल्या. बॅकअप व्यवस्था नीट चालत नसल्याचे त्यानंतर लक्षात आले. पर्यवेक्षक तांत्रिक संचालिका गेलिन सुसमन बाळंतपणानंतर घरून काम करत होत्या आणि त्यासाठी चित्रपटाची एक प्रत त्यांच्या घरच्या संगणकावर ठेवलेली होती. त्या प्रतीच्या आधारे बहुतांश काम परत मिळाले. पुढे कथा मोठ्या प्रमाणात बदलण्यात आली आणि १९९९ मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला.

जीमेल (२०११): फेब्रुवारी २०११ च्या अखेरीस साठवणूक आज्ञावलीच्या अद्ययावतीकरणातील दोषामुळे सुमारे ०.०२ टक्के वापरकर्त्यांच्या टपालपेट्या रिकाम्या दिसू लागल्या. गूगल प्रत्येक टपालाच्या प्रती अनेक विदा केंद्रांत ठेवत असे, परंतु दोषाचा परिणाम त्या प्रतींवरही झाला. जोडणीबाहेर ठेवलेल्या टेपवरून टपाल परत आणण्यात आले. सर्व प्रती एकाच आज्ञावलीच्या आवाक्यात असल्यास त्या एकदमच जाऊ शकतात, हे या घटनेने दाखवले.

गिटलॅब (२०१७): ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब डॉट कॉम या सेवेच्या मुख्य विदागाराची निर्देशिका एका अभियंत्याकडून चुकून पुसली गेली. सुमारे ३०० गिगाबाइटपैकी केवळ ४.५ गिगाबाइट विदा उरली असताना आज्ञा थांबवण्यात आली. दैनिक बॅकअपसाठी वापरली जाणारी आज्ञावली विदागारापेक्षा जुन्या आवृत्तीची असल्यामुळे काम दररोज अपयशी ठरत होते आणि क्लाउडवरील बॅकअपची जागा रिकामी होती. अपयशाचे ईमेल प्राप्तकर्त्या सर्व्हरने नाकारल्यामुळे कोणालाही सूचना मिळाली नव्हती. विदागाराच्या सर्व्हरसाठी डिस्क-स्नॅपशॉटही सुरू केलेले नव्हते. घटनेच्या सुमारे सहा तास आधी दुसऱ्या कामासाठी हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट उपयोगी पडला. तरीही सहा तासांतील नोंदी गेल्या. सुमारे ५,००० प्रकल्प, ५,००० प्रतिक्रिया आणि ७०० नव्या खात्यांना त्याचा फटका बसला. कंपनीने पुनर्स्थापनेचे काम यूट्यूबवर थेट दाखवले आणि पुढे कारणमीमांसा सविस्तर प्रसिद्ध केली.

क्योतो विद्यापीठ (२०२१): जपानमधील क्योतो विद्यापीठाच्या महासंगणकावर डिसेंबर २०२१ मध्ये बॅकअप आज्ञावलीच्या सदोष अद्ययावतीकरणामुळे सुमारे ७७ टेराबाइट विदा पुसली गेली. सुमारे ३.४ कोटी फाइली आणि १४ संशोधन गटांना याची झळ बसली. त्यांपैकी चार गटांची विदा बॅकअपमधूनही परत आणता आली नाही. जुन्या नोंदवह्या पुसण्यासाठी लिहिलेली आज्ञा चालू असतानाच बदलली गेल्यामुळे ती मूळ फाइलींवर चालली. बॅकअपची यंत्रणाच विदेच्या नाशाचे कारण ठरल्याचे हे उदाहरण आहे.

## प्रतिबंधक उपाय

‘३-२-१’ हा नियम बॅकअपच्या नियोजनात सर्वत्र सांगितला जातो. विदेच्या तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांपैकी एक अन्य ठिकाणी, असे त्याचे स्वरूप आहे. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी डिजिटल छायाचित्रांच्या जतनाविषयी लिहिताना तो लोकप्रिय केला. घरगुती वापरात संगणकातील मूळ विदा, घरातील बाह्य डिस्क आणि नातेवाइकांकडे ठेवलेली दुसरी डिस्क किंवा क्लाउड सेवा, अशी त्याची मांडणी करता येते.

बॅकअप घेण्याइतकीच पुनर्स्थापनेची चाचणी महत्त्वाची असते. ठरावीक काळाने एखादी अलीकडील फाइल बॅकअपमधून वेगळ्या ठिकाणी आणून उघडून पाहिल्यास बॅकअप थांबला असल्याचे वेळीच कळते. केवळ अपयशाची सूचना मागण्याऐवजी यशाची नियमित नोंद तपासणे अधिक भरवशाचे ठरते. सूचना पाठवणारी यंत्रणाच बंद पडल्यास अपयशाची सूचना येत नाही, पण यशाची नोंद नसल्याचे मात्र लक्षात येते. कुलपांच्या किल्ल्या, पासवर्ड आणि पुनर्स्थापनेच्या पायऱ्या संगणकाबाहेर, कागदावर लिहून ठेवण्याची शिफारस केली जाते. बॅकअपविषयी जागृतीसाठी ३१ मार्च हा दिवस २०११ पासून जागतिक बॅकअप दिन म्हणून पाळला जातो.

## हेही पाहा

* विदा पुनर्प्राप्ती
* फाइल प्रणाली
* रॅन्समवेअर
* रेड (संगणक)
* युनिकोड